स्टीअरिंग थरथरतंय, पण ऐकतंय कोण?

गेल्या हिवाळ्यातली गोष्ट. आम्ही पाच जण साताऱ्याला निघालो होतो. गाडी मावसभावाची, म्हणजे आमच्या दादाची. सेकंड हँड स्विफ्ट, पहिल्या नोकरीच्या पगारातून घेतलेली. कात्रजचा बोगदा ओलांडून हायवेला लागलो आणि वेग ८०च्या पुढे गेला तसं दादाच्या हातातलं स्टीअरिंग थरथरायला लागलं. आधी बारीक, मग ९०ला इतकं की डॅशबोर्डवर ठेवलेली गॉगलची केस सरकत सरकत खाली पडली. ७०वर आलं की सगळं शांत.

"टायरचं बॅलन्सिंग गेलं असेल," मागून कोणीतरी म्हणालं. दादा गप्प होता. कारण बॅलन्सिंग त्याने त्याच आठवड्यात दोनदा करून घेतलं होतं. अलाइनमेंटही. दोन्ही वेळा मशीनच्या स्क्रीनवर झीरो-झीरो आलं होतं. आणि थरथर सुरू झाली होती ती बरोब्बर दहा दिवसांपूर्वी, चारही चाकांना स्पेसर बसवले त्या संध्याकाळपासून.

शिरवळच्या अलीकडे चहाला थांबलो. शेजारी एक पंक्चरचं दुकान होतं. तिथल्या काकांनी आमचं बोलणं ऐकलं, उठून आले, उजव्या पुढच्या चाकाला पाना लावला आणि हलकेच फिरवला. नट फिरला. जोर न लावता. मग दुसरा नट. तोही फिरला. काका दादाकडे बघून एवढंच म्हणाले, "पोरांनो, पुढं खंबाटकीचा घाट आहे, माहितीये ना?"

चार नटांपैकी दोन सैल झालेल्या चाकावर आम्ही पाच जण ९०च्या स्पीडने आलो होतो.

मी मास कॉमची विद्यार्थिनी आहे, मेकॅनिक नाही. पण त्या दिवसानंतर मी हा विषय सोडला नाही. गॅरेजमध्ये उभी राहिले, कायद्याची कलमं वाचली, दादाच्या गाडीची चाकं काढताना टॉर्च धरला. जे समजलं ते लिहितेय, कारण कॉलेजच्या पार्किंगमध्ये फिरले तर दहा मिनिटांत मला अशा दोन-तीन गाड्या दिसतात.

स्पेसर असतो तरी काय?

स्पेसर म्हणजे ॲल्युमिनियमची किंवा स्टीलची जाड चकती. चाक ज्या हबवर बसतं तो हब आणि चाक यांच्या मध्ये ती घालतात. १० मिलिमीटरचा स्पेसर लावला की चाक १० मिलिमीटर बाहेर येतं. दोन्ही बाजू धरल्या तर गाडीची रुंदी २० मिलिमीटरने वाढते.

हे का करायचं? बहुतेक वेळा उत्तर एकच, लूक. कंपनीतून आलेल्या गाडीचं चाक मडगार्डच्या थोडं आत असतं. ते काठापर्यंत आलं की गाडी 'भरलेली' दिसते, रीलमध्ये भारी दिसते. काही वेळा कारण खरंखुरं असतं. बाहेरून घेतलेलं रुंद अलॉय आत सस्पेन्शनला घासतं, मग त्याला बाहेर काढावं लागतं. थार-जिम्नीवाले मोठे टायर टाकतात, त्यांनाही हा प्रश्न येतो.

आणि हे आधीच स्पष्ट सांगते, स्पेसर म्हणजे मुळातच वाईट वस्तू नव्हे. नीट मापाचा, नीट बसवलेला स्पेसर वर्षानुवर्षं त्रास देत नाही. गडबड होते ती 'युनिव्हर्सल' या शब्दात. दादाने घेतलेल्या चकत्यांवर तेच लिहिलं होतं. चार नटांच्या चाकाला चालणारी, वेगवेगळ्या गाड्यांच्या मापाची भोकं एकाच चकतीत पाडलेली आणि मधलं भोक ऐसपैस. सगळ्यांना बसते याचा अर्थ कोणालाच नेमकी बसत नाही.

मशीनवर झीरो, रस्त्यावर थरथर

दादाचं डोकं जिथे अडकलं होतं तिथून सुरुवात करू. बॅलन्सिंग झीरो, मग थरथर कशी?

हबच्या मध्यभागी एक गोल कडा बाहेर आलेली असते. चाकाचं मधलं भोक त्या कडेवर चपखल बसतं आणि चाक आपोआप मध्यावर येतं. स्विफ्टच्या हबचं हे माप ५४.१ मिलिमीटर आहे. होंडा सिटीचं ५६.१, पोलोचं ५७.१. दशांश चिन्हानंतरचा आकडा उगाच दिलेला नाही. इथे अर्ध्या मिलिमीटरलाही किंमत आहे.

१० मिलिमीटरची सपाट चकती मध्ये आली की ती कडा चकतीच्या भोकातच संपते. चाकाला टेकायला कडा उरत नाही. चांगल्या स्पेसरला पुढच्या बाजूने स्वतःची तशीच कडा काढलेली असते, म्हणून तो चालतो. युनिव्हर्सल चकतीला ती नसते. मग चाक मध्यावर आणायचं काम फक्त नटांवर येतं. शंकूसारखे निमुळते नट हे काम काही प्रमाणात करतात, पण चाक हवेत उचलून, समोरासमोरचे नट थोडे थोडे आवळत नेले तरच. गाडी खाली टेकवून हवेच्या गनने धडाधड एकेक नट पूर्ण आवळला की चाक ज्या बाजूला झुकलेलं असतं तिथेच पक्कं होतं.

आता थोडं गणित, बारावीच्या फिजिक्सपुरतं. टायरसकट चाकाचं वजन साधारण १५ किलो धरा. ते मध्यापासून फक्त अर्धा मिलिमीटर सरकलं, तर परिणाम रिमच्या कडेला जवळपास ४० ग्रॅमचं वजन एका बाजूला चिकटवल्यासारखा होतो. बॅलन्सिंगवाला ५-१० ग्रॅमची शिशाची पट्टी लावून चाक दुरुस्त करतो, हे लक्षात घ्या. ९० किमीच्या वेगाला गाडी सेकंदाला २५ मीटर जाते. स्विफ्टच्या टायरचा परीघ दोन मीटरच्या जरा आत आहे. म्हणजे चाक सेकंदाला सुमारे १३ वेळा फिरतं आणि त्या प्रत्येक फेरीत स्टीअरिंगला एक धक्का बसतो. ही ती थरथर.

आणि बॅलन्सिंगच्या मशीनला यातलं काहीच दिसत नाही. कारण मशीनवर चाक एकटं चढतं, स्पेसर गाडीवरच राहतो. मशीन स्वतःच्या शंकूने चाक अचूक मध्यावर धरतं आणि सांगतं, झीरो. मशीन खोटं बोलत नाही. आपण त्याला चुकीचा प्रश्न विचारलेला असतो. दादाने त्याच चुकीच्या प्रश्नासाठी दोनदा पैसे मोजले.

नट किती फेरे फिरतो?

थरथर हा त्रास झाला. धोका वेगळाच होता, आणि तो शिरवळच्या काकांनी एका साध्या युक्तीने दाखवला. त्यांनी चाक काढलं, परत बसवलं आणि दादाला म्हणाले, "नट हाताने लाव आणि किती फेरे जातोय ते मोठ्याने मोज."

दादा मोजत गेला. एक, दोन, तीन, चार, पाच. थांबला.

मग काकांनी स्पेसर काढला आणि परत मोजायला लावलं. तेरा.

चाक हबवरच्या ज्या खिळ्यांवर बसतं त्यांना स्टड म्हणतात. स्विफ्टचा स्टड १२ मिलिमीटर जाड आणि त्यावरचे आटे १.२५ मिलिमीटर अंतरावर. म्हणजे एका फेऱ्याला नट १.२५ मिलिमीटर आत जातो. १० मिलिमीटरच्या चकतीने सरळ सरळ आठ फेरे खाल्ले. ढोबळ नियम असा की स्टड जितका जाड, निदान तितकी तरी नटाची पकड हवी. १२ मिलिमीटरच्या स्टडला किमान नऊ-दहा फेरे. दादाच्या गाडीत होते पाच, म्हणजे निम्मेच.

गाडीचं वजन नटांवर लटकत असतं असं मला वाटायचं. तसं नसतं. नट चाकाला हबवर इतकं घट्ट दाबून धरतात की दोघांमधल्या घर्षणावर सगळा भार जातो. दाब कमी झाला की चाक हबवर बारीक बारीक सरकायला लागतं, नट आणखी सैल होतात, थरथर वाढते, आणि थरथरीने नट अजून सैल होतात. असं ते चक्र आहे. म्हणून स्पेसर लावल्यावरची थरथर दिवसेंदिवस वाढत असेल, किंवा कमी वेगालाही जाणवायला लागली असेल, किंवा सोबत 'टक टक' आवाज येत असेल, तर ती गाडी पुढच्या गॅरेजपर्यंतही न्यायची नाही. बाजूला घ्यायची आणि नट बघायचे.

मग नेमकं शोधायचं कसं?

मी ज्या ज्या अनुभवी मिस्त्रींशी बोलले, त्यांचा शोधण्याचा क्रम थोड्याफार फरकाने सारखाच होता. आणि तो 'आधी बॅलन्सिंग' असा नव्हता.

पहिला प्रश्न, थरथर कधी येते? विशिष्ट वेगाला येऊन पुढे कमी होत असेल तर चाक मध्यावर नसणं किंवा बॅलन्स. फक्त ब्रेक दाबल्यावर येत असेल तर ब्रेकची डिस्क बघा, स्पेसरला उगाच दोष देऊ नका. फक्त पिकअप घेताना येत असेल तर ड्राइव्ह शाफ्टचा जॉइंट. स्टीअरिंग हलत असेल तर दोष बहुधा पुढच्या चाकांत; सीट आणि फरशी हलत असेल तर मागच्या.

दुसरी पायरी सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात जास्त टाळली जाणारी. स्पेसर काढा, मूळ पद्धतीने चाक लावा आणि त्याच रस्त्यावर, त्याच वेगाने चालवून बघा. थरथर गेली तर गुन्हेगार सापडला. राहिली तर ती आधीपासूनच होती, स्पेसरने फक्त वाढवली.

तिसरी पायरी, हबचा चेहरा बघा. गंज, जुना रंग, चिखलाचा थर. कोकणातून एखादा पावसाळा काढून आलेल्या गाडीच्या हबवर गंजाचे पापुद्रे असतातच. त्यावर स्पेसर ठेवला की तो एका बाजूने उचललेला राहतो. तारेच्या ब्रशने हब स्वच्छ करणं हे पाच मिनिटांचं काम आहे, पण ते कोणी करत नाही. स्पेसरवर रंगाचा जाड थर असेल तर तोही वाईट. दाबाखाली रंग बसतो आणि नट सैल होतात.

चौथी, स्पेसरची जाडी व्हर्नियरने चार ठिकाणी मोजा. हो, तोच व्हर्नियर, ज्याचं प्रॅक्टिकल आपण सगळ्यांनी कॉपी केलंय. जाडी चारी बाजूंनी सारखी नसेल तर ती चकती भंगारात.

पाचवी गोष्ट जाड स्पेसरसाठी. त्यांना स्वतःचे स्टड असतात. तो आधी हबला नटांनी बसवतात, मग त्यावर चाक. अशा वेळी गाडीचे मूळ स्टड स्पेसरच्या बाहेर डोकावत असतील आणि चाकाच्या पाठीला तेवढी खाच नसेल, तर चाक सपाट टेकतच नाही. बाहेरून सगळं घट्ट वाटतं, आत चाक स्टडच्या टोकांवर उभं असतं. शिवाय आतल्या नटांचा दुसरा संच तयार होतो, आणि तो तपासायचा तर प्रत्येक वेळी चाक काढावं लागतं.

सहावी, नटाचा आकार. होंडाच्या कंपनी फिटेड रिमला गोलाकार बुडाचे नट लागतात, बाहेरच्या अलॉयला सहसा शंकूचे. अदलाबदल झाली तर नट आवळला जातो, पण टेकतो एका रेषेवर.

शेवटी टॉर्क. मॅन्युअलमध्ये आकडा दिलेला असतो. लहान गाड्यांत तो साधारण ८५ ते १२० न्यूटन-मीटरच्या दरम्यान असतो. टॉर्क रेंचने, समोरासमोरच्या क्रमाने आवळायचं आणि ५०-१०० किलोमीटर चालवून परत तपासायचं. हे सगळं झाल्यावर बॅलन्सिंग.

दादाच्या गाडीत चौथ्या पायरीपर्यंत जायची गरजच पडली नाही. दुसऱ्या पायरीला, स्पेसर काढल्याबरोबर, गाडी १०० पर्यंत लोण्यासारखी गेली.

कायदा काय म्हणतो?

घरी आल्यावर दादाचा पहिला प्रश्न होता, "हे एवढं धोकादायक आहे तर विकतात कसं?" माझ्या मते या सगळ्यातला खरा प्रश्न हाच.

मोटार वाहन कायदा, १९८८चं कलम ५२ सांगतं की आरसीवरच्या तपशिलांत आणि उत्पादकाने मूळ दिलेल्या तपशिलांत फरक पडेल असा बदल मालकाने करायचा नाही. सीएनजी किटसारखे अपवाद आहेत, त्यांची नोंद करावी लागते. ९ जानेवारी २०१९ रोजी केरळमधून आलेल्या एका प्रकरणात सुप्रीम कोर्टाने हीच भूमिका आणखी कडक शब्दांत मांडली. उत्पादकाच्या मूळ रचनेशी विसंगत बदल चालणार नाही. त्याच वर्षी कायद्यात दुरुस्ती झाली आणि कलम १८२अ आलं. परवानगी नसलेला फेरबदल केला तर मालकाला प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही.

वाचून वाटतं, एवढा कडक कायदा असताना कोण हिंमत करेल? पण आपण रोज बघतोच.

कलम जरा बारकाईने वाचलं की भोकं दिसतात. १८२अ मध्ये गाड्यांचे उत्पादक, आयातदार, डीलर आणि मालक यांचा नाव घेऊन उल्लेख आहे. सुटे भाग विकणाऱ्याला एक लाखाचा दंड आहे, पण तो भाग सरकारने 'क्रिटिकल सेफ्टी कंपोनंट' म्हणून जाहीर केलेला असेल तरच. नाक्यावरच्या ज्या गॅरेजवाल्याने दादाला पाच फेऱ्यांवर नट आवळून दिले, त्याच्यासारख्या फिटरचा यात वेगळा उल्लेख मला सापडला नाही. आणि आरसीवर स्पेसरचा रकानाच नसतो. त्यामुळे नेमका कोणता बदल चालतो आणि कोणता नाही, याचा अर्थ जो तो आपल्या सोयीने लावतो.

विम्याचंही तेच. गाडीत बदल केला तर कंपनीला कळवायला हवं. न कळवता अपघात झाला तर स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा क्लेम अडकू शकतो. आमच्या ग्रुपमधल्या किती जणांनी अलॉय टाकल्यावर विमा कंपनीला कळवलं, असं मी विचारलं. उत्तरादाखल हसण्याचे इमोजी आले.

जे ऐकू येतं ते पकडलं जातं

मॉडिफिकेशनवर कारवाई होतच नाही, असं नाही. बुलेटचे सायलेन्सर रस्त्यावर ओळीने मांडून त्यावर रोडरोलर फिरवल्याचे फोटो पुण्यापासून नागपूरपर्यंत आपण पाहिलेत. काळ्या काचा, फॅन्सी नंबर प्लेट यांच्यावर मोहिमा निघतात. २०२४ मध्ये केरळच्या अलप्पुळात एका यूट्यूबरने गाडीच्या आत पाण्याचा हौद करून ती रस्त्यावर फिरवली, व्हिडिओ व्हायरल झाला आणि त्याचं लायसन्स निलंबित झालं. बरंच झालं.

पण या सगळ्यांत एक गोष्ट सारखी आहे. हे सगळं बाहेरून दिसतं किंवा ऐकू येतं. चौकात उभ्या असलेल्या पोलिसाला चाकाच्या मागची १० मिलिमीटरची चकती दिसणार कशी? तो काही प्रत्येक गाडीचं चाक काढून फेरे मोजणार नाही. तशी अपेक्षाही चूक आहे.

मग हे बघायचं कोणी? इथे आपल्या व्यवस्थेतली खरी पोकळी आहे. खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षांसाठी होते आणि तोपर्यंत तिची फिटनेस तपासणी होत नाही. मधल्या काळात सक्तीची असते ती पीयूसी, आणि पीयूसी फक्त धूर बघते. ब्रेक, स्टीअरिंग, सस्पेन्शन, चाकाचे नट यांच्याकडे कोणाही अधिकृत माणसाची नजर १५ वर्षं जात नाही. दादाची गाडी त्याच्याआधी दोन मालकांकडून आली. या प्रवासात तिची कागदपत्रं तीनदा तपासली गेली असतील, चाकं एकदाही नाही.

थोडक्यात, कागदावर जवळपास सगळंच बंद आहे आणि रस्त्यावर जवळपास सगळंच चालू आहे. त्यामुळे चांगल्या आणि वाईट स्पेसरमधला फरक सांगणारं कोणी उरत नाही. सगळंच बेकायदा म्हटल्यावर प्रमाणित माल कोण बनवणार आणि ग्राहक तरी काय विचारणार? नेमक्या मापाची कडा असलेला महाग स्पेसर आणि दादाची युनिव्हर्सल चकती, कायद्याच्या नजरेत दोघी सारख्याच. मग पोरं स्वस्त घेतात.

तिकडे काय करतात?

जर्मनीचं उदाहरण बघण्यासारखं आहे, कारण वेगाने गाडी चालवणं आणि गाडी सजवणं हे दोन्ही शौक तिथे आपल्यापेक्षा जास्त आहेत. तिथे स्पेसर विकायला आणि लावायला बंदी नाही. पण त्यासोबत मंजुरीचं कागदपत्र हवं. त्यात तो कोणत्या मॉडेलला, कोणत्या रिमसोबत, कोणत्या जाडीपर्यंत चालतो ते लिहिलेलं असतं. अनेक स्पेसरच्या बाबतीत बसवल्यावर टीयूव्हीसारख्या अधिकृत संस्थेकडे गाडी न्यावी लागते. तिथला इंजिनिअर चाक घासतंय का, मंजुरीतल्या अटी पाळल्यात का ते बघतो आणि मग बदलाची नोंद होते. हे केलं नाही तर गाडीची रस्त्यावर चालण्याची मान्यताच संपुष्टात येऊ शकते. शिवाय नवी गाडी तीन वर्षांची झाली की पहिली आणि मग दर दोन वर्षांनी सक्तीची तांत्रिक तपासणी असतेच.

आपल्याकडे उद्यापासून असं होईल, असा माझा भाबडा समज नाही. आपल्या आरटीओंवरचा ताण आणि तिथल्या एजंटांची साखळी ज्याने लर्निंग लायसन्स काढलंय त्या प्रत्येकाला माहीत आहे. तपासणी सक्तीची केली आणि ती कागदावरच होऊ लागली, तर आणखी एक सर्टिफिकेट पाचशे रुपयांत मिळायला लागेल, एवढंच. हा आक्षेप मला पटतो.

तरीही दोन गोष्टी त्यामानाने सोप्या आहेत. एक, स्पेसर, अलॉय, स्टड यांसारख्या चाकाशी संबंधित बाहेरच्या भागांना सुरक्षेच्या यादीत आणून त्यांच्यावर गाडीचं मॉडेल, मधल्या भोकाचं माप आणि लागणारी स्टडची लांबी छापणं बंधनकारक करणं. 'युनिव्हर्सल' हा शब्द चाकाच्या बाबतीत विकताच येऊ नये. दोन, जबाबदारी बसवणाऱ्यावरही टाकणं. बिलावर टॉर्कचा आकडा आणि सही असेल, तर हवेच्या गनने काम उरकणारा हात थोडा तरी थांबेल. दादाला मात्र बिलच मिळालं नव्हतं. 'जीएसटी वाचेल' म्हणून त्यानेही मागितलं नव्हतं.

आणि आपण?

सगळं सरकारवर ढकलणं सोपं आहे. पण नट सैल होते तेव्हा गाडीत आम्ही होतो, सरकार नव्हतं. दहा दिवस गाडी सांगत होती की काहीतरी चुकलंय. आम्ही गाण्याचा आवाज वाढवला, मशीनच्या झीरोवर विश्वास ठेवला आणि ८०च्या खाली चालवली तर त्रास होत नाही, असा शोध लावला. दादाने खरं कारण ओळखलं नव्हतं असंही नाही. तो नंतर मला म्हणाला, "मला पहिल्याच दिवशी कळलं होतं गं. पण ते काढायचं जिवावर आलं होतं."

आमच्या वयाच्या बऱ्याच जणांचं हे असंच आहे असं मला वाटतं. लावल्यावर स्टोरी टाकलेली असते, शंभर लाइक्स आलेले असतात. मग ती गोष्ट काढून टाकणं म्हणजे चूक कबूल केल्यासारखं. गाडीला मात्र आपल्या स्टोरीशी देणंघेणं नसतं.

दादाने शिरवळला चारही स्पेसर काढले. काकांनी चारही चाकांचे स्टड बोटाने चाचपून बघितले, एकाचे आटे दबलेले होते, तो पुण्यात परतल्यावर बदलून घ्यायला सांगितला. पैसे विचारले तर फक्त चहाचे घेतले. खंबाटकी आम्ही ५०च्या स्पीडने चढलो आणि पहिल्यांदाच मागच्या सीटवर सगळ्यांनी बेल्ट लावले होते.

त्या चार चकत्या अजून दादाच्या घरी आहेत. मावशी त्यावर गरम पातेली ठेवते.

पार्किंगमधली पाच मिनिटं: स्पेसर लावलेल्या गाडीसाठी

• नट हाताने लावून फेरे मोजा. १२ मिलिमीटरच्या स्टडला नऊ-दहापेक्षा कमी फेरे असतील तर गाडी चालवू नका.

• स्पेसरला पुढच्या बाजूने मधली कडा आहे का बघा, आणि तिचं माप चाकाच्या भोकाशी जुळतंय का तेही.

• दोन चकत्या एकावर एक ठेवून जाडी वाढवू नका. कधीच नाही.

• थरथर नवी असेल तर आधी स्पेसर काढून त्याच रस्त्यावर चालवा, बॅलन्सिंग नंतर.

• थरथर वाढत असेल किंवा टक टक आवाज येत असेल तर लगेच गाडी बाजूला घ्या आणि नट तपासा.

• पक्कं बिल घ्या, आणि बदल विमा कंपनीला कळवा.